संमतीची चिठ्ठी : कुकीचा तीस वर्षांचा इतिहास

कोऱ्या कागदावर सही करू नये, असे आपल्याकडे वडीलधारी मंडळी मुलांना बजावून सांगत आली आहेत. आज तीच वडीलधारी मंडळी आणि तीच मुले दिवसातून दहा वेळा न वाचलेल्या कागदावर सही करीत असतात. कोणतेही संकेतस्थळ उघडले की मजकूर दिसण्यापूर्वी एक पट्टी आडवी येते. ‘आम्ही कुकी वापरतो, आपली संमती आहे ना?’ असा तिचा आशय असतो. होकाराचे बटण ठळक असते, तर नकाराचे बारीक किंवा आतल्या पानावर दडलेले. घाईत असलेला माणूस होकार देऊन मोकळा होतो. आपण कशाला होकार दिला, कोणाला दिला आणि तो परत घेता येतो की नाही, हे प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाहीत. या पट्टीमागे तीस वर्षांचा इतिहास उभा आहे. तो जाणून घेतल्यावाचून या प्रश्नांची उत्तरे मिळावयाची नाहीत.

या इतिहासाचा आरंभ एका विस्मरणापासून होतो. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली ज्या जागतिक जाळ्याची कल्पना मांडली, त्याची रचना मुद्दामच साधी ठेवली होती. वाचकाच्या यंत्राने एखादे पान मागावे, दूरच्या यंत्राने ते पाठवावे आणि व्यवहार तेथेच संपावा. त्याच वाचकाने पुढच्या क्षणी दुसरे पान मागितले, तरी दूरच्या यंत्राच्या लेखी तो नवखाच. शोधनिबंध वाचण्यापुरते हे विस्मरण निरुपद्रवी होते, किंबहुना सोयीचे होते. परंतु या जाळ्यावर दुकान थाटावयाचे म्हटले, तेव्हा अडचण उभी राहिली. गिऱ्हाइकाने एक वस्तू निवडून दुसरीकडे वळावे, तोच दुकानदाराने त्याला व त्याच्या पिशवीला विसरून जावे, अशी ती स्थिती होती.

अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीपुढे १९९४ साली नेमकी हीच अडचण आली. तिच्या एका ग्राहक कंपनीला ऑनलाइन दुकान चालवावयाचे होते. अर्धवट राहिलेल्या खरेदीच्या नोंदी आपल्या यंत्रावर साठवून ठेवण्याची मात्र तिची तयारी नव्हती. लू मोंटुली या तरुण अभियंत्याने यावर तोड काढली. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक द्यावा, हा एक मार्ग त्याच्यासमोर होता. पण तसे केल्यास वाचक जेथे जेथे जाईल तेथे तेथे त्याचा माग काढणे सोपे होईल, हे ओळखून त्याने तो मार्ग टाकला. त्याऐवजी प्रत्येक संकेतस्थळाने आपापली स्वतंत्र चिठ्ठी वाचकाच्या यंत्रावर ठेवावी आणि ती चिठ्ठी फक्त त्याच संकेतस्थळाला परत दाखविली जावी, अशी योजना त्याने केली. युनिक्स प्रणालीवर काम करणाऱ्या मंडळींत अशा देवाणघेवाणीच्या तुकड्याला ‘मॅजिक कुकी’ म्हणत. त्यावरून या चिठ्ठीला कुकी हे नाव पडले. बिस्किटाशी तिचा संबंध एवढाच.

चिठ्ठीचे कार्य समजण्यास धोब्याच्या दुकानातील पावतीचे उदाहरण पुरेसे आहे. पावतीवर आपले कपडे नसतात, असतो तो क्रमांक. तो पाहून धोबी आपले गाठोडे शोधून काढतो. कुकीतही बहुधा असा एक क्रमांक असतो आणि खरी नोंद असते ती संकेतस्थळाच्या यंत्रावर. काही चिठ्ठ्या ब्राउझर बंद करताच नाहीशा होतात, तर काहींवर मुदत घातलेली असते व त्या महिनोन्महिने टिकतात. आपण बँकेच्या किंवा टपालाच्या संकेतस्थळावर एकदा नाव व परवलीचा शब्द दिल्यानंतर प्रत्येक पानावर तो पुन्हा द्यावा लागत नाही, हे या चिठ्ठीचेच उपकार होत. कुकी हा स्वतः चालणारा कार्यक्रम नव्हे आणि रोगजंतूही नव्हे, हेही येथेच ध्यानात घेतलेले बरे.

मग बिघडले कोठे? मोंटुलीच्या योजनेत एक फट राहून गेली होती. संकेतस्थळाचे एक पान पुष्कळदा एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर एका यंत्रावरून येतो, तर त्यातील जाहिरातीचे चित्र दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रावरून. ज्या यंत्राकडून चित्र येते, त्यालाही आपली चिठ्ठी ठेवता येते. आता एकाच जाहिरात कंपनीची चित्रे हजारो संकेतस्थळांवर झळकू लागली, तर काय होईल? किराणा, औषधे, पुस्तके, कापड अशा बाजारातील सर्व दुकानांत एकच मुनीम कोपऱ्यात बसला आहे आणि आपण कोठे काय पाहिले याची एकाच वहीत नोंद करीत आहे, असे होईल. प्रत्येक दुकानदाराला आपले थोडे ठाऊक असते, मुनिमाला मात्र सारे. या मुनिमाच्या चिठ्ठीला तृतीय पक्षाची कुकी म्हणतात. १९९६ साली स्थापन झालेल्या डबलक्लिक या कंपनीने याच पायावर आपला व्यवसाय उभारला.

वाचकांना याची वार्ता फार उशिरा लागली. कुकी १९९४च्या ऑक्टोबरात नेटस्केपच्या पहिल्या ब्राउझरबरोबर घराघरांत शिरली होती. तिच्याविषयी सर्वसामान्यांना कळले ते १२ फेब्रुवारी १९९६ रोजी लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने लेख छापला तेव्हा. म्हणजे सुमारे सोळा महिने लोकांच्या यंत्रांवर चिठ्ठ्या ठेवल्या जात होत्या आणि घरमालकाला त्याचा पत्ता नव्हता. अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे १९९६ व १९९७ साली यावर सुनावण्या झाल्या. इंटरनेटचे तांत्रिक दंडक ठरविणाऱ्या मंडळाने डेव्हिड क्रिस्टॉल व मोंटुली यांनी सिद्ध केलेला मसुदा फेब्रुवारी १९९७मध्ये प्रसिद्ध केला. तृतीय पक्षाच्या कुकींना मुळीच वाव देऊ नये, निदान वाचकाने स्वतः परवानगी दिल्याखेरीज देऊ नये, अशी शिफारस त्यात होती. तोवर जाहिरातीचा धंदा बाळसे धरू लागला होता. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्यांनी ही शिफारस मानली नाही. कुकी नाकारण्याची सोय त्यांनी दिली खरी, परंतु न सांगता मिळणारे उत्तर ‘होय’ असेच ठेविले. या एका निर्णयाने पुढील वीस वर्षांची दिशा ठरली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

धोक्याची पहिली मोठी जाणीव १९९९ साली झाली. डबलक्लिकने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. टपालाने माल मागविणाऱ्या लाखो कुटुंबांची नावे, पत्ते व खरेदीच्या नोंदी तिच्यापाशी होत्या. निनावी क्रमांकांना खरी नावे जोडली जाणार, या कल्पनेने मोठे वादळ उठले. अखेर मार्च २०००मध्ये कंपनीच्या प्रमुखांना चूक मान्य करून माघार घ्यावी लागली. पुढे २००८ साली गूगलने डबलक्लिक आपल्यात सामावून घेतली.

युरोपने कायद्याचा मार्ग धरला. २००२च्या निर्देशाने वाचकाला कुकी नाकारण्याचा अधिकार दिला. २००९च्या दुरुस्तीने पूर्वसंमती आवश्यक ठरविली. २५ मे २०१८पासून लागू झालेल्या माहितीसंरक्षणाच्या नियमावलीने संमती कशास म्हणावे हे स्पष्ट केले. ती मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी व समजून-उमजून दिलेली असली पाहिजे आणि देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणेही सोपे असले पाहिजे. आपण आज पाहतो त्या पट्ट्या या कायद्यांतून जन्मल्या. पळवाटाही लगोलग निघाल्या. आधीच खूण केलेली चौकट दाखवून ‘वाचकाने संमती दिली’ असे म्हणणाऱ्या जर्मनीतील एका कंपनीला युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी सांगितले की ही संमती नव्हे. जानेवारी २०२२मध्ये फ्रान्सच्या माहितीसंरक्षण आयोगाने गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जाहीर केले. होकार एका टिचकीत देता येत होता, नकाराला मात्र अनेक टिचक्या लागत होत्या, हा त्यांचा दोष.

ब्राउझर बनविणाऱ्यांतही मतांतर झाले. फायरफॉक्सने २०१९ साली माग काढणाऱ्या ज्ञात कुकी आपण होऊन अडविण्यास आरंभ केला. ॲपलच्या सफारीने मार्च २०२०पासून तृतीय पक्षाच्या सर्वच कुकी बंद केल्या. गूगलनेही जानेवारी २०२०मध्ये आपल्या क्रोममधून त्या दोन वर्षांत काढून टाकण्याचा मनोदय सांगितला. तो वारंवार पुढे ढकलला गेला आणि जुलै २०२४मध्ये सोडून देण्यात आला. जाहिरातीवर ज्याचे पोट, त्याने मुनिमाला दुकानातून उठवावे ही अपेक्षाच कदाचित भाबडी असावी.

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले व मुख्य बंधनांच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्यात कुकीचा नामोल्लेख नाही. पण ज्या चिठ्ठीवरून माणूस ओळखता येतो, ती वैयक्तिक माहितीच ठरते. संमतीची विचारणा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या आईवडिलांच्या दृष्टीने ही तरतूद लहान नाही. न समजणाऱ्या भाषेतील प्रश्नाला दिलेले उत्तर हे उत्तरच नव्हे.

कायदा त्याच्या गतीने येईल. तोवर वाचकाच्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. पट्टी आल्यावर क्षणभर थांबून ‘सर्व नाकारा’ किंवा ‘केवळ आवश्यक’ हा पर्याय शोधावा. संकेतस्थळ चालण्यास लागणाऱ्या चिठ्ठ्या त्यानेही शाबूत राहतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये खासगीपणाचा विभाग असतो, तेथे तृतीय पक्षाच्या कुकी एकदाच बंद करून टाकता येतात. साठलेल्या चिठ्ठ्या अधूनमधून पुसाव्यात. त्यामुळे परवलीचे शब्द पुन्हा द्यावे लागतील, एवढीच गैरसोय. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या यंत्रावर काम करताना खासगी खिडकी वापरावी. ती बंद होताच त्या बैठकीतील चिठ्ठ्या पुसल्या जातात. मात्र तिने आपण अदृश्य होतो, हा समज चुकीचा आहे. आपण भेट दिलेले संकेतस्थळ व इंटरनेट पुरविणारी कंपनी यांना आपली वर्दळ दिसतच असते. शिवाय यंत्राची ठेवण, पडद्याचा आकार, अक्षरांचे साचे यांवरून चिठ्ठीवाचूनही माणूस हेरण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत. सावधपणाला म्हणूनच सुट्टी नाही.

नीतिशास्त्राचा एक जुना दंडक आहे. ज्ञान आणि स्वातंत्र्य यांपैकी एकाचाही अभाव असेल, तर संमती खरी नव्हे. कुकीचा इतिहास हा या दंडकाचाच तीस वर्षांचा पाठ आहे. विसराळू यंत्राला आठवण देण्यासाठी ती जन्मली, हे योग्यच झाले. आठवण ठेवणाऱ्याने आठवणीच्या धन्याला विचारले नाही, हा त्यातला अपराध. न्यायालयांनी, आयोगांनी आणि काही जागरूक अभियंत्यांनी तो प्रश्न आता आपल्यापुढे आणून ठेवला आहे. त्याचे उत्तर वाचून द्यावयाचे की न वाचता, हे मात्र ज्याने त्याने ठरवावयाचे आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये, ही शिकवण आज मुलांना पुन्हा एकदा दिली पाहिजे आणि ती देताना आपलाही हात क्षणभर थांबला पाहिजे.