उजेडाचे माप

दिवाळी सरली, भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. दिवसा बाजार, पाहुणे, लेकीबाळी. आणि रात्री दंडार किंवा नाटक, तेही कोंबडा आरवेपर्यंत. चिचगड हे देवरी तालुक्यातले रानात वसलेले जमीनदारीचे गाव. येथल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसले की या रात्रींचा इतिहास ते दिव्यांच्या नावांनी सांगतात. अमुक खेळ टेंभ्याच्या उजेडातला, तमुक गॅसबत्तीचा, आणि त्यानंतरचे सारे 'लाईट' आल्यावरचे. राजवटी बदलल्या, भंडारा जिल्हा मध्यप्रांतातून मुंबई राज्यात आणि तेथून महाराष्ट्रात आला, १९९९ साली त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. पण त्यांच्या स्मरणातील खरे कालखंड हे तीनच!

अशा एका आजोबांना मी विचारले, "टेंभ्यापेक्षा गॅसबत्तीचा उजेड किती जास्त पडे?" ते म्हणाले, "लय जास्त." किती पट, असे विचारताच ते हसले. धान मोजायला पायली-कुडव आहेत, जमिनीला एकर आहे, दुधाला शेर होता, आता लिटर आहे. उजेड मात्र 'लय' किंवा 'थोडका'. यात आजोबांचे काही चुकले असे कृपा करून समजू नका. युरोपातील मोठमोठ्या विद्वानांनाही अठराव्या शतकापर्यंत याहून फारसे चांगले उत्तर देता येत नव्हते.

अडचण आपल्या डोळ्यातच आहे. डोळा हा मोठा समंजस पण तितकाच लबाड साक्षीदार होय. भर दुपारच्या उन्हात तो काम करतो आणि पुनवेच्या चांदण्यातही करतो. या दोहोंच्या उजेडात सुमारे चार लाख पटींचे अंतर आहे, याची तो दादही लागू देत नाही. पिएर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने या लबाडीतच वाट शोधली. १७२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील विचार थोडक्यात असा : हा उजेड त्याच्या किती पट, हे डोळ्याला सांगता येत नाही, परंतु शेजारी शेजारी ठेवलेले दोन उजेड सारखे आहेत की नाहीत, हे तो फार बिनचूक सांगतो. मग त्याला दुसराच प्रश्न विचारावा. प्रबळ दिवा दूर दूर न्यावा, दुबळा जवळ ठेवावा, आणि दोन्ही उजेड सारखे दिसू लागले की अंतरे मोजावीत. डोळ्याने फक्त 'सारखे' म्हणायचे, बाकीचे काम फूटपट्टीचे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, तिप्पट झाले की नवव्या, हा नियम केप्लरने १६०४ मध्येच सांगून ठेवला होता. बुगेने याच मार्गाने सूर्य आणि पौर्णिमेचा चंद्र या दोघांनाही मेणबत्तीशी ताडून पाहिले व सूर्य चंद्राच्या तीन लाख पट तेजस्वी ठरविला. एका मेणबत्तीच्या बळावर काढलेला हा आकडा आजच्या मापनाच्या इतका जवळ यावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

पुढे १७९४ मध्ये काउंट रम्फर्डने ही युक्ती इतकी सोपी केली की ती कोणालाही घरी करता यावी. भिंतीवर पांढरा कागद लावावा, त्याच्यापुढे एक काठी उभी करावी, आणि दोन दिवे असे ठेवावेत की काठीच्या दोन सावल्या एकमेकींना लागून पडतील. जी सावली गडद, तिचा दिवा जोरदार. तो मागे सरकवीत न्यावा. दोन्ही सावल्या सारख्या दिसल्या की काम झाले. मेणबत्ती कागदापासून एक हातावर आणि दुसरा दिवा सात हातांवर असेल तर तो दिवा एकोणपन्नास मेणबत्त्यांचा. सातास सातांनी गुणले, एवढाच हिशेब.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या बुन्सेनने आणखी मौज केली. भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडतो हे आपण पाहतोच. तो डाग उजेडासमोर धरला तर उजळ दिसतो आणि उजेड आपल्या बाजूने असला तर काळा दिसतो. मग दोन्ही बाजूंनी सारखाच उजेड पडला तर? डाग नाहीसा होतो! त्या तेलकट कागदावर पुढे कित्येक वर्षे युरोपातील प्रयोगशाळा चालल्या.

पण मेणबत्ती कोणती? इथे विज्ञान बाजारात उतरते. लंडनमध्ये कोळशाच्या गॅसचे दिवे घरोघर गेले, आणि कंपनी देते तो गॅस चांगला की पातळ यावरून ग्राहकांचे तंटे सुरू झाले. तेव्हा १८६० च्या कायद्याने मेणबत्तीच ठरवून दिली : देवमाशाच्या चरबीची, एका पौंडात सहा बसतील अशी, तासाला १२० ग्रेन जळणारी. गॅसच्या ज्योतीने अशा इतक्या मेणबत्त्यांचा उजेड दिलाच पाहिजे. शेराला शिक्का असावा तसा उजेडाला शिक्का मिळाला, तो असा गिऱ्हाइकाच्या गाऱ्हाण्यातून. फ्रान्सने तेलाचा कार्सेल दिवा धरला, जर्मनीने हेफ्नरचा दिवा. १९०९ मध्ये इंग्लंड, फ्रान्स व अमेरिका यांनी एक सामाईक मेणबत्ती मानली, जर्मनी आपल्या दिव्याला धरून राहिली. १९४८ साली तापून रसरसलेल्या प्लॅटिनमवरून 'कँडेला' हे जागतिक एकक ठरले. १९७९ पासून त्याची व्याख्या प्लॅटिनमलाही सोडून ठराविक हिरवट प्रकाशाच्या शक्तीवरून केली जाते. नाव मात्र अजून मेणबत्तीचेच राहिले आहे.

मुंबईत गॅसचे दिवे १८६५ च्या ऑक्टोबरात लागले. दिवे लावणारा एका खांबापासून दुसऱ्याकडे जाई आणि त्याच्या मागे लोकांची झुंड चाले, असे वर्णन सापडते. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे आले, पण कंपनी दुसऱ्याच वर्षी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर गेले. खेड्यांतून या सगळ्याचा पत्ता नव्हता. तेथे औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस निघालेल्या कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील पोहोचला, आणि मागाहून गॅसबत्ती. गॅसबत्तीतील जाळीचे गुपित थोरियम या धातूत होते; ऑस्ट्रियाच्या आउअरने ती जाळी काढली आणि १९०९ मध्ये तिच्यासाठी लागणारी मोनाझाइट वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. म्हणजे आमच्या दंडारीतला तो पांढराशुभ्र उजेड काही अंशी आपल्याच समुद्रकाठचा होता म्हणायचा. आजोबांचा प्रश्नही येथे सुटतो. चांगली गॅसबत्ती तीनशे मेणबत्त्यांची म्हणून विकली जाई. कंदील जेमतेम पाच-सातांचा. टेंभ्याचा आकडा देण्याचे धाडस मी करीत नाही, तो वाऱ्यावर आणि तेलावर अवलंबून! तोंडाला सफेदा फासून नट टेंभ्याच्या अगदी पुढ्यात येऊन बोलत, त्यात सोंगाइतकाच हिशेबही असावा अशी माझी समजूत आहे. पांढरा रंग उजेड परत टाकतो, आणि निम्म्या अंतरावर आलेला चेहरा चौपट उजळतो.

यापुढचे पाऊल मला सर्वांत मोलाचे वाटते. विल्यम प्रीस या तारखात्यातल्या इंजिनियराने १८८३ साली असे मांडले की दिव्याचे तेज मोजून भागणार नाही, जेथे माणसाला पाहायचे आहे तेथे किती उजेड पडतो ते मोजले पाहिजे. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावरील कागदावर जेवढा उजेड टाकते त्याला आज आपण 'लक्स' म्हणतो. पुनवेचे चांदणे सुमारे पाव लक्स, दुपारचे ऊन लाखभर लक्स. शाळेच्या वर्गात बाकावर सुमारे तीनशे लक्स असावा अशी अपेक्षा धरतात. मांडीवर सूप घेऊन विडी वळणाऱ्या बाईला उजेड हवा तो सुपात. दिवा आढ्याला आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसली, तर तिच्याच डोक्याची सावली तेंदूच्या पानावर पडते. दिवा कितीही दांडगा असो. काजळी धरलेली भिंत चुन्याने पांढरी केली तर त्याच दिव्याचा उजेड खोलीत पुष्कळ वाढतो आणि विजेच्या बिलात एक पैसाही वाढत नाही. प्रकाशयोजनेचे शास्त्र म्हणून जे शिकवतात त्यातला निम्मा भाग एवढाच आहे.

आपण मात्र अजून दिवा 'वॅट'वर मागतो. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचे माप. बैल किती वैरण खातो यावरून तो किती नांगरतो हे कोणी ठरवीत नाही! जुना साठ वॅटचा बल्ब सुमारे सातशे लुमेन प्रकाश देई. आजचा नऊ वॅटचा एलईडी त्याहून थोडा अधिकच देतो. लुमेनचा आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत असतो, तो शोधून वाचावा लागतो.

शेजारच्या एका गावी रस्त्यावर नवे दिवे लागले, पूर्वीपेक्षा झगझगीत. तरी लोक म्हणू लागले की रात्री रस्ता पूर्वीपेक्षा वाईट दिसतो. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून मण्यार रस्त्यावर येते, तेव्हा ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. मी जाऊन अंतरे मोजली. खांब वीस फूट उंच, दोन खांबांत एकशेवीस फूट. सर्व बाजूंना सारखा प्रकाश टाकणारा दिवा धरला, तर खांबापासून त्याच्या उंचीएवढे बाजूला गेल्यावर जमिनीवरचा उजेड खांबाखालच्या उजेडाच्या साधारण एकतृतीयांश उरतो, दुप्पट उंचीवर अकरावा हिस्सा, तिप्पट उंचीवर बत्तिसावा. मध्यावर दोन्ही खांबांचा मिळून सोळावा हिस्सा. म्हणजे माणूस लख्ख उजेडातून निघतो, त्याची बाहुली आकसलेली असते, आणि पन्नास-साठ फुटांवर तो जवळजवळ आंधळा होऊन चालतो. जोराचा दिवा लावून ही वाटणी बदलत नाही, कारण खालचा आणि मधला उजेड एकाच प्रमाणात वाढतो. वर डोळे दिपतात ते वेगळेच. ज्यांनी दिवे घेतले त्यांच्याजवळ वॅटचा कागद होता, पावती होती, सगळे नियमाप्रमाणे होते. पुढल्या उन्हाळ्यात मधोमध एकेक खांब वाढवून निम्म्या जोराचे दिवे बसवले. खांबांचा खर्च आला. विजेचे बिल मात्र होते तेवढेच राहिले. मधला काळा पट्टा आता खांबाखालच्या उजेडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला आहे, आणि रात्री दुकान बंद करून घरी जाणारी माणसे तेथे बॅटरी पेटवीत नाहीत.