डक्टस मिटण्याआधी

जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांच्या ‘दासबोधा’चा तिसरा दशक उघडतो तो गर्भातल्या जिवाच्या हालांनी. त्याच गावात एखाद्या बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची जागा अदलाबदल होऊन आली, तर त्याचे पहिले तीन दिवस कसे जातील, ते इथे तासांनी मांडलं आहे. हे बाळ कुणा एका घरातलं नाही. तास थोडे पुढेमागे होतील, पण शरीरात घडतं ते असंच.

आठ महिने आधी

आईला दिवस गेल्याची जेमतेम शंका आलेली असते. गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी गर्भातली एक साधी नळी आकुंचन पावू लागते. मासा, बेडूक, कोंबडी, माणूस, सगळ्यांची सुरुवात अशाच नळीने. कोंबडीच्या अंड्यात ती उबवल्यापासून दीड दिवसात धडधडू लागते. तिसऱ्या दिवशी दिसणारा तो रक्ताचा ठिपका ॲरिस्टॉटलनेही नोंदवला होता. पुढे वाटा फुटतात. मासा एक कर्णिका (रक्त घेणारा कप्पा) आणि एक जवनिका (रक्त ढकलणारा कप्पा) यावर थांबतो. बेडकाच्या कर्णिका दोन होतात, जवनिका एकच राहते. पक्षी आणि सस्तन प्राण्यांत चारही कप्पे वेगळे होतात.

साडेसात महिने आधी

हृदयातून बाहेर पडणारी वाहिनी अजून एकच आहे. तिच्यात आता पडदा तयार होतो आणि दोरीच्या पिळासारखा वळत उतरतो. त्या पिळामुळेच महाधमनी डाव्या जवनिकेला जोडली जाते आणि फुप्फुसधमनी उजव्या. १९८३ साली मार्गारेट कर्बी आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भातून न्यूरल क्रेस्ट या पेशींचा एक पट्टा काढून टाकला, तेव्हा हा पडदा धड तयारच झाला नाही. हृदय घडवायला हृदयाबाहेरून पेशी चालत येतात, हे त्यातून कळलं.

आपल्या बाळात पडदा झाला, पीळ बसला नाही. महाधमनी उजव्या जवनिकेतून निघाली. पोटात याचा त्रास काहीच नाही, कारण प्राणवायू वारेतून मिळतो.

० तास

नाळ कापली. बाळ जोरात रडलं, वजनही चांगलं. पण आता शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त पुन्हा शरीरातच जातं आहे आणि फुप्फुसातलं शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसात. दोन्ही फेऱ्या एकमेकींत मिसळतात त्या दोनच वाटांनी: कर्णिकांमधलं छिद्र आणि दोन धमन्यांना जोडणारी डक्टस ही आखूड नळी.

६ तास

हातपाय निळसर दिसतात. आजी म्हणते, थंडी वाजतेय लेकराला, गुंडाळा नीट. तिचं चुकत नाही. निरोगी बाळाचेही हातपाय पहिल्या दिवशी निळसर असतात. पाहायची ती जीभ आणि ओठ. सावळ्या कांतीवर, मंद दिव्यात, तेही कठीण.

१५ तास

डक्टस आकसू लागली आहे. वारेकडून येणारं प्रोस्टाग्लँडिन थांबलं की ती मिटते, बहुतेक पूर्ण दिवसांच्या बाळांत पहिल्या एक ते तीन दिवसांत. निरोगी बाळाला हे हवंच असतं.

२४ तास

आपत्ती टाळायची वेळ ही आहे. उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावायचा. दोन्हीकडे ९५ टक्के किंवा जास्त आणि फरक ३च्या आत असेल तर ठीक. ९०च्या खाली आकडा आला तर लगेच डॉक्टरांना बोलवायचं. मधला आकडा आला तर तासाने पुन्हा मोजायचं. २०२०मध्ये कोविडसाठीच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन पथकं दारोदार फिरली. त्यामुळे हा आकडा खेड्यातल्या माणसालाही कळतो. मात्र मोठ्यांच्या बोटाचा चिमटा नवजात बाळाच्या पायावर नीट बसत नाही, वेगळा पट्टा लागतो. तो प्रत्येक प्रसूतिगृहात असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. स्टेथोस्कोप इथे फसवतो. या दोषात बऱ्याचदा हृदयाचा जादा आवाजच ऐकू येत नाही.

आपल्या बाळाचा आकडा कुणी पाहिला नाही.

४८ तास

घरी सोडलं. शेक-शेगडीची तयारी झाली, पाचवीचं सामान आणायचं ठरलं. बाळ दूध ओढताना दमतं आणि झोपी जातं. शांत आहे, असं सगळे म्हणतात.

६० तास

श्वास जलद. ओठ काळपट. १०८ला फोन. घनसावंगी, मग जालना, मग छत्रपती संभाजीनगर. प्रोस्टाग्लँडिन शिरेतून सुरू केलं तर डक्टस पुन्हा उघडू शकते. हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. त्या औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून रुग्णवाहिकेत श्वास देणारा माणूस बरोबर हवा. कर्णिकांमधलं छिद्र फुग्याने मोठं करण्याची पद्धत विल्यम रॅशकिंड यांनी १९६६मध्ये दाखवली. पण त्यासाठी तसा तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयापर्यंत पोचावं लागतं.

६८ तास

डक्टस मिटली. कर्णिकांमधलं छिद्र अरुंद होतं, तेवढ्यावर भागत नाही. रक्तात आम्ल साचतं, हृदयाचे ठोके मंदावतात.

७२ तास

आशाताईंची पहिली घरभेट तिसऱ्या दिवसाची. त्या येतात तेव्हा घराला कुलूप आहे. धमन्या आपापल्या जागी लावण्याची शस्त्रक्रिया १९७५मध्ये ब्राझीलच्या आदिब झातेने यांनी यशस्वी केली. ती साधारणपणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात, कारण फुप्फुसांकडे कमी दाबाने रक्त ढकलून डावी जवनिका पुढे दुबळी पडते. आज चांगल्या केंद्रांत तिच्यातून बहुतेक बाळं वाचतात. हे बाळ शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचलं नाही.