मुलांच्या उन्हाळी शिबिरातील थोरले भावंड

मूल प्रथमच आठ-पंधरा दिवस परगावच्या शिबिरास जाते, तेव्हा पहिल्या रात्री त्या घरातील माऊलीचा डोळ्यास डोळा लागत नाही. शिबिराची जागा रम्य आहे काय, चालक विद्वान आहेत काय, खर्च किती, या गोष्टी तिने दिवसा विचारून घेतलेल्या असतात. रात्री मात्र तिच्या मनात एकच प्रश्न उरतो : अंधारात माझे लेकरू भ्याले, तर त्याच्याजवळ कोण आहे?

या महोत्सवी अंकाच्या वाचकांपुढे ज्याचा इतिहास ठेवण्याचे योजिले आहे, तो मनुष्य म्हणजेच या प्रश्नाचे उत्तर होय. अमेरिकेत त्यास 'कॅम्प कौन्सेलर' म्हणतात. 'सल्लागार' असे त्याचे भाषांतर केल्यास वाचकांची दिशाभूल होईल; कारण सल्ला देणे हे त्याच्या अनेक कामांतील एक लहानसे काम होय. मुलांच्याच खोलीत निजणारा, त्यांच्याच पंक्तीस जेवणारा, पोहताना काठावर डोळ्यांत तेल घालून उभा राहणारा असा हा बहुधा अठरा-वीस वर्षांचा तरुण अगर तरुणी असते. आपल्याकडील मुले त्यास सहजच 'दादा' किंवा 'ताई' म्हणतील. शिबिराचा इतिहास लिहिणारे संस्थापकांची नावे देतात. परंतु शिबिर बरे की वाईट, हे अखेर या थोरल्या भावंडावरच ठरत आले आहे.

अशा शिबिरांचा आरंभ सामान्यतः १८६१ सालापासून धरतात. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात वॉशिंग्टन नावाचे एक खेडे आहे. तेथे फ्रेडरिक गन हे शाळा चालवीत असत. त्याच वर्षी त्या देशात यादवी युद्ध पेटले, आणि सैनिकांप्रमाणे कूच करावे, तंबूत निजावे, असा ध्यास शाळेतील मुलांनी घेतला. गन मास्तरांनी ही हौस मोडली नाही. तिला वळण लावले. पत्नीसह सारी शाळा बरोबर घेऊन ते सुमारे ४० मैल चालत मिलफर्डच्या समुद्रकिनारी गेले, आणि तेथे मुलांनी होड्या वल्हविल्या, मासे धरले, पोहण्याचा आनंद लुटला. येथे मुलांचा सोबती स्वतः मास्तरच होता. शाळाच जणू भिंती सोडून बाहेर आली होती.

पुढे २० वर्षांनी, म्हणजे १८८१ साली, अर्नेस्ट बाल्च नावाच्या डार्टमथ कॉलेजातील विद्यार्थ्याने न्यू हॅम्पशायर राज्यातील स्क्वाम सरोवरातल्या एका बेटावर 'कॅम्प चोकोरुआ' उघडला. धनिकांची मुले उन्हाळाभर हॉटेलांतून आळसात लोळतात, हे पाहून त्याचे मन विटले होते. त्याने आपल्या शिबिरात नोकर ठेवलाच नाही. स्वयंपाक, भांडी, धुणे, होड्यांची निगा, ही सर्व कामे बेटावरील मंडळींनीच वाटून घ्यावयाची असत. नेमून दिलेल्या कामापलीकडे अधिक काम करणाऱ्या मुलास मजुरी मिळे, आणि आपल्या कमाईचा हिशेब त्यानेच ठेवावयाचा असे. हे शिबिर १८८९ साली बंद पडले. परंतु त्याने घालून दिलेला धडा मागे राहिला. मुलास भांडे घासावयास सांगणाऱ्याचे स्वतःचे हात प्रथम राखेने माखले पाहिजेत, हाच तो धडा.

तिसरे नाव समनर डडली यांचे. १८८५ साली न्यूयॉर्क राज्यातील न्यूबर्गजवळ ऑरेंज सरोवराच्या काठी ते अवघ्या ७ मुलांस घेऊन गेले. पुढे १८९१ साली शॅम्प्लेन सरोवराच्या तीरी गेलेले हे शिबिर आजही भरत असून, त्या देशातील अखंड चालू असलेल्या शिबिरांत ते सर्वांत जुने गणले जाते. 'आधी दुसरा, मग आपण' अशा आशयाचे त्याचे बोधवाक्य आहे. येथे मुलगा म्हणून आलेला पुढे नायक होऊन परत येतो. कालपरवाच ज्याला घरची आठवण येऊन रडू कोसळले होते, तोच आज रडणाऱ्याच्या शेजारी बसतो. अशा मनुष्यास ग्रंथातून निराळे शिकवावयाचे फारसे उरत नाही.

युरोप खंडातही याच सुमारास हा विचार रुजत होता. झुरिक येथील धर्मोपदेशक वॉल्टर बिओन यांनी १८७६ साली शहरातील ६८ गरीब मुलांस अपेनझेलच्या डोंगराळ भागात हवापालटासाठी नेले. ट्युरिन येथे संत जॉन बॉस्को हे त्याहूनही आधी, शरद ऋतूच्या सुटीत, आपल्या मुलांच्या टोळ्या घेऊन खेडोपाडी पायी जात असत. शिक्षकाने मुलांत सतत वावरावे, त्यांच्या खेळात सामील व्हावे, आणि अपराध घडल्यावर शिक्षा करण्यापेक्षा अपराधास वावच राहू नये अशा प्रेमाने जवळ असावे, असे त्यांचे मत होते. हे मत त्यांनी १८७७ साली लेखरूपानेही मांडले. १९०७ साली इंग्लंडातील ब्राऊनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी मुलांच्या चार टोळ्या करून प्रत्येकीचे नायकत्व त्यांच्यातीलच थोरल्या मुलाकडे दिले. देश निराळे, माणसे निराळी. परंतु दूर उभे राहून हुकूम सोडण्याऐवजी जवळ राहून वळण लावावे, हे सूत्र सर्वत्र एकच दिसते.

हे सूत्र सोडल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण १९५४ सालचे आहे. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमा राज्यातील रॉबर्स केव्ह येथे ११ वर्षे वयाच्या सुमारास असलेली २२ मुले आणून त्यांचे दोन गट पाडले. एकाने 'ईगल्स' असे नाव घेतले, दुसऱ्याने 'रॅटलर्स'. पुढे त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लाविल्या. थोड्याच दिवसांत शिव्याशाप सुरू झाले, एकमेकांचे झेंडे जाळले गेले, खोल्यांवर रात्री छापे पडले. मुले ज्यांना आपले दादा समजत होती, ते प्रत्यक्षात निरीक्षक होते. तंटा कसा वाढतो हे पाहणे हेच त्यांचे काम असल्याने, तो वाढत असता त्यांनी टिपणे घेतली. नंतर पाण्याच्या पुरवठ्यात अडचण निर्माण केली गेली. बंद पडलेली मालमोटार दोरी लावून ओढण्याचा प्रसंगही आणला गेला. सर्वांनी मिळून केल्यावाचून ही कामे होणारी नव्हती. ती करता करता वैर निवळले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५३ साली, न्यूयॉर्क राज्यात असाच प्रयोग झाला होता. त्या मुलांची आपसांत आधीच मैत्री जडली होती. मोठी माणसेच काही कारस्थान करीत आहेत, असा संशय त्यांना आला, आणि तो प्रयोग अर्ध्यावर सोडावा लागला.

या प्रयोगांवरून समाजातील वैराची व सलोख्याची कारणे पंडितांनी सांगितली आहेत, आणि त्यांचे मोल आहे. तथापि, आपणांस यात आणखी एक गोष्ट दिसली पाहिजे. ज्याच्या हाती मुले सोपविली, त्याने मौन धरले की मुले त्या मौनास संमती समजतात. जो नुसताच पाहतो, तो मुलांजवळ असूनही त्यांच्याबरोबर नसतो.

बरोबर असणे म्हणजे काय, हे रात्री कळते. घरची ओढ हा काही मुलाचा दुबळेपणा नव्हे. शिबिरास जाणाऱ्या बहुतेक मुलांस ती थोडीबहुत लागतेच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ साली या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. जाण्याचा निर्णय मुलास विचारून घ्यावा. आधी एखाददुसरी रात्र नातलगांकडे काढण्याची सवय लावावी. परंतु 'करमले नाही तर लगेच न्यावयास येऊ' असे वचन मात्र देऊ नये, असा उपदेश त्यात आहे. कारण त्या वचनातून मुलास हेच ऐकू येते, की आपल्याच्याने हे निभणार नाही असे आईबापांस वाटते. शिबिरातील दादाने अशा वेळी थट्टाही करू नये आणि उगाच लाडही करू नयेत. मुलाचे बोलणे ऐकून घ्यावे, त्यास पत्र लिहावयास बसवावे, आणि सकाळी एखादे जबाबदारीचे काम त्याच्या हाती द्यावे.

यापुढील हकीकत लिहिताना लेखणी जड होते. ४ जुलै २०२५ रोजी पहाटेपूर्वी टेक्सस राज्यातील ग्वाडालूप नदीस अकस्मात महापूर आला, आणि तिच्या काठी १९२६ सालापासून चालत आलेल्या 'कॅम्प मिस्टिक' या मुलींच्या शिबिरातील २५ बालिका व त्यांच्या २ तरुण सोबतिणी मृत्युमुखी पडल्या. इतर खोल्यांतील तरुणींनी अंधारात, चढत्या पाण्यात, लहान मुलींस खिडक्यांतून बाहेर काढून उंच जागी नेले. त्यांची स्वतःची वये ती किती! देवाने त्या सर्व मृतांस चिरशांती देवो. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्या राज्याने कायदे केले. पुराच्या पात्रात मुलांची निवासस्थाने असू नयेत, संकटकाळची योजना आधी लिहून ठेवावी, आणि सेवकांस तिचे शिक्षण द्यावे, असे त्यांत ठरले.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य थोडक्यात सांगता येते. आपण नेहमी विचारतो, की तरुणांनी मुलांसाठी काय करावे. त्यांनी प्रेम करावे, जागे राहावे, स्वतःचे हात मळवावेत, हे खरेच. परंतु त्या तरुणासाठी वडीलधाऱ्यांनी काय करावे, हा प्रश्न तितकाच निकडीचा आहे. अमेरिकन शिबिर-संघाच्या मानदंडानुसार निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या दर ६ मुलांमागे एक, आणि ९ ते १४ वर्षांच्या दर ८ मुलांमागे एक सेवक असावा लागतो. ही केवळ अंकांची कसरत नव्हे. एका कोवळ्या खांद्यावर किती भार पेलेल, याचा तो अनुभवाने घातलेला हिशेब होय.

आपल्याकडेही मे महिन्याच्या सुटीत गावोगावी मुलांची शिबिरे भरतात, आणि दादा-ताई होण्यास तरुण मंडळी हौसेने पुढे येतात. त्यांस केवळ बिल्ला व शिट्टी देऊन आपले कर्तव्य संपत नाही. जागा आपण आधी पाहिली पाहिजे. विहीर, नदी, विंचूकाटा, औषधपाणी, रात्री बोलवावयाचे वाहन, यांची तजवीज वडीलधाऱ्यांनी केली पाहिजे. मुलास एकट्यास घेऊन कोणीही दाराआड बसू नये, हा नियम दादांस व आपणांसही सारखाच लागू असला पाहिजे. आणि संकट दिसताच, वरून हुकूम येण्याची वाट न पाहता, मुलांस घेऊन सुरक्षित जागी निघण्याचा अधिकार त्या तरुणास आधीच, स्पष्ट शब्दांत, दिलेला असला पाहिजे. आपण ज्याच्यावर आपले मूल सोपवितो, तोही कोणाचे तरी मूलच आहे.