माळावरचा डोंबारी

साल १९७९, जूनचा पहिला आठवडा. सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजला तुम्हाला उतरवून एसटी धुरळा उडवत निघून जाते. पक्ष्याचं नाव सांगणारं अ‍ॅप तुमच्या काळातच राहिलंय. गळ्यात दुर्बीण, पिशवीत सलीम अलींचं पुस्तक. आलात माळढोकासाठी, याच वर्षी त्याच्यासाठी इथं अभयारण्य होतंय. तुमच्या काळात तो इथं दिसायला नशीबच लागतं.

कुसळीच्या वाळल्या गवतातून चालताना पायाजवळून काहीतरी भुर्रकन उडतं, थोड्या अंतरावर बसतं आणि दिसेनासं होतं.

"काय हुडकताय, पाव्हणं?" मेंढरांमागचा धनगर विचारतो.

"आत्ता इथं चिमणी बसली होती."

"चिमणी गावात. ही माळाची."

निम्मी ओळख इथंच झाली. रंग नंतर, आधी जागा. झाडावर बसायची याला हौस नाही. उघडी, खडकाळ, खुरट्या गवताची जमीनच हवी.

दुर्बीण दगडांवरून हळूहळू फिरवा. त्यातला एक दगड हलतो. राखी टाळू, मळकट पांढरे गाल, डोळ्यातून गेलेली काळी पट्टी. आखूड, जाड चोचीमुळे पुस्तकात नाव 'फिंच-लार्क', पण कूळ चंडोलाचंच. मराठीत डोंबारी चंडोल. बहुतेक पक्ष्यांचं पोट पाठीपेक्षा फिकट असतं. याचा हिशेब उलटा. पाठ मातीत मिसळणारी आणि हनुवटीपासून खाली सगळा काळाकुट्ट. म्हणून बसला की हरवतो, उडाला की लपत नाही.

आणि आता तो उडतोच. फडफडत सरळ वर, तीसेक मीटर. मग पंख मिटून खाली झेप, लांबट शीळ, उसळी, पुन्हा झेप. आपटणार म्हणून तुम्ही दचकता, तो ढेकळावर अलगद टेकतो.

मादीपुढं मात्र पुस्तक हात टेकतं. काळं काही नाही, हुबेहूब घरचिमणीची मादी. तिला सोबतीवरून ओळखायचं: नर उतरला त्याच्याजवळ दाणे टिपत फिरणारी ती.

"पाय जपून टाका," धनगर काठीनं दाखवतो. ढेकळाच्या आडोशाला उथळ खळगी, काठाला बारीक खडे मांडलेले, आत दोन अंडी. तुम्ही गुडघ्यावर बसून वहीत सगळं उतरवून घेता.

"आणि माळढोक?"

"तो व्हय? तुम्ही लिवत हुता तवाच पलीकडं गेला की."