विद्युत् जाल, पृथक्

मुख्य पारेषण मार्गांशी न जोडलेल्या व स्वतःच्या जनित्रांवर चालणाऱ्या लहान वीजव्यवस्थेस पृथक् विद्युत् जाल म्हणतात. बेटे, डोंगरावरील वाड्या व अरण्यातील पाडे यांच्यापर्यंत तारा नेण्याचा खर्च तेथील मागणीच्या मानाने फार पडतो; म्हणून अशी जाले उभारली जातात. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना झाल्यावर राज्यातील ग्रामीण विद्युतीकरणाचा विस्तार झाला. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावासारखी सपाटीवरील गावे मुख्य जालास जोडली गेली. दुर्गम वस्त्या मात्र दीर्घकाळ वंचित राहिल्या. मुंबईलगतच्या घारापुरी बेटावर रहिवाशांना सायंकाळचे काही तासच डीझेल जनित्राची वीज मिळे. सु. ७·५ किमी. लांबीची समुद्रतळावरील केबल टाकून फेब्रुवारी २०१८ मध्ये हे बेट मुख्य जालास जोडण्यात आले.

डीझेल जनित्र मागणीनुसार कमीजास्त चालविता येते. परंतु इंधन बाहेरून आणावे लागते व ते महाग पडते. त्यास सौर वा पवन विजेची जोड देणे हा स्वाभाविक उपाय वाटतो, तरी त्यात अडचणी आहेत. मोठ्या जालात एका ठिकाणची घट दुसरीकडून भरून निघते. पृथक् जालात ढगाची सावली पडताच विजेची कंप्रता ५० हर्ट्झपासून ढळू लागते. सौर वीज वाढली की जनित्रावरील भार घटतो आणि दीर्घकाळ अल्प भारावर चालणाऱ्या एंजिनात काजळी साचते. वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग निम्मा झाल्यास ती एक-अष्टमांश उरते. म्हणून संचायक घट व नियंत्रक उपकरणे आवश्यक ठरतात. महाराष्ट्रात ऊन मंदावणाऱ्या पावसाळ्यातच वारे जोरदार असतात. त्यामुळे जेथे वाऱ्याचा पुरेसा वेग मिळतो, तेथे ही दोन साधने परस्परपूरक ठरू शकतात.

भारतात या क्षेत्रातील आरंभीचा उल्लेखनीय प्रयोग पश्चिम बंगालमधील सागर बेटावर झाला. तेथे १९९६ मध्ये कमलपूर येथे २६ किवॉ. क्षमतेचे सौर केंद्र सुरू झाले. २०१० नंतरच्या दशकात मुख्य जाल बेटावर पोहोचल्यावर अशा केंद्रांचे महत्त्व ओसरले. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील दरेवाडी येथे २०१२ मध्ये सु. ९·४ किवॉ. क्षमतेचे सौर जाल उभारण्यात आले. ‘ग्राम ऊर्जा’ या संस्थेने बॉश कंपनीच्या साहाय्याने उभारलेल्या या जालातून ३९ कुटुंबांना वीज मिळू लागली. घरोघरी मीटर बसवून वापरानुसार आकारणी करण्यात आली व व्यवस्थापनात ग्रामस्थांना सहभागी करून घेण्यात आले. संचायक घटांचे आयुष्य सौर पट्ट्यांहून पुष्कळ कमी असते. ते बदलण्यासाठी निधी साठत नसेल, तर पट्ट्या शाबूत असूनही रात्री दिवे लागत नाहीत. यामुळे वीजबिलाची नियमित वसुली ही यंत्रसामग्रीइतकीच महत्त्वाची बाब होय.

विद्युत् अधिनियम, २००३ अन्वये अधिसूचित ग्रामीण क्षेत्रात वीजनिर्मिती व वितरण करण्यास परवान्याची अट शिथिल झाली. तथापि मुख्य जाल येऊन पोहोचल्यास गावाच्या भांडवलाचे काय, हा प्रश्न उरला. मुख्य जालाची वीज स्वस्त पडल्यास ग्राहक तिकडे वळतात आणि स्थानिक केंद्र निरुपयोगी होते. जानेवारी २०१६ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय वीजदर धोरणात अशा सूक्ष्मजालांची वीज मुख्य जालाने खरेदी करणे बंधनकारक करणारी नियामक चौकट आखावी, असे सुचविण्यात आले. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. त्यामुळे पृथक् जालांचे प्रयोजन संपले असे मात्र नाही. वादळात वा दोषामुळे मुख्य पुरवठा खंडित झाला असता योग्य नियंत्रक व विलगीकरणाची सोय असलेले स्थानिक जाल अलग होऊन गिरणी, पाण्याचा पंप व दवाखाना चालू ठेवू शकते. या जालांचे भवितव्य मुख्य जालाशी स्पर्धा करण्यापेक्षा त्याच्याशी जोडून घेण्यावर अवलंबून आहे.