विदॅम नदींतील तरवार व तिची बाजारी प्रत

जुन्या शस्त्रांच्या बाजारी नकला हा इतिहाससंशोधकांच्या विचाराचा विषयच नव्हे, असें पुष्कळांस वाटतें. थोड्या हजार रुपयांत मिळणारी, भिंतीवर टांगण्यासाठीं केलेली तरवार कोठें आणि शिलालेख, बखरी व दफ्तरें यांचा गंभीर व्यवहार कोठें! परंतु आमच्या मतें हा समज सोडण्याजोगा आहे. ज्यांनीं पोथ्यांचा संग्रह केला आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, मूळ ग्रंथ पुष्कळदां नष्ट होतो आणि हातीं राहते ती प्रत. तिच्यावरूनच मूळ कसें असेल तें ठरवावें लागतें. शस्त्रांच्या बाबतींत अनेकदां निराळाच प्रकार घडतो. मूळ शस्त्र एखाद्या संग्रहालयांत कांचेआड सुरक्षित असतें, पण तें हातांत घेण्याचा योग सामान्य अभ्यासकास येत नाहीं. हातांत येते ती नक्कल, आणि तिच्यावरून तो मुळाविषयीं निश्चित मतें बनवितो. म्हणून नकलेची परीक्षा हीहि संशोधनाचीच एक शाखा होय. प्रस्तुत लेखांत अशा एका नकलेची परीक्षा करण्याचें योजिलें आहे.

प्रथम मुळाविषयीं. इंग्लंडांत लिंकनशायर परगण्यांत विदॅम नांवाची नदी आहे. तिच्या पात्रांत इ. स. १८२५ च्या जुलै महिन्यांत एक तरवार सांपडली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. तज्ज्ञ तिचा काळ इ. स. १२५० ते १३३० च्या दरम्यानचा मानतात. तरवार सरळ व दुधारी असून मुठीपुढें एक आडवी पट्टी आहे, त्यामुळें आकार क्रूसासारखा दिसतो. एकंदर लांबी ९६.४ सेंटिमीटर, आडव्या पट्टीची लांबी १६.५ सेंटिमीटर व वजन सुमारें १.२ किलो. पात्याच्या एका बाजूस सोन्याच्या तारेनें १८ रोमन अक्षरें जडविलेलीं असून तीं दोन क्रूसचिन्हांच्यामध्यें आहेत. या अक्षरांचा अर्थ अद्याप निर्विवादपणें लागलेला नाहीं. तीं लॅटिन भाषेंतील एखाद्या धार्मिक वचनाचीं आद्याक्षरें असावींत, असें कित्येकांचें मत आहे. इ. स. २०१५ मध्यें ‘मॅग्ना कार्टा’ सनदेस ८०० वर्षें झाल्यानिमित्त ब्रिटिश लायब्ररीनें भरविलेल्या प्रदर्शनांत ही तरवार मांडली होती. त्या वेळीं या लेखाचा उलगडा करण्याविषयीं सर्व लोकांस आवाहनहि करण्यांत आलें होतें.

आमच्यापुढें परीक्षेसाठीं असलेली नक्कल या तरवारीवरून केलेली आहे. ती एका संग्राहक मित्रानें विकत घेतली व आम्हांकडे पाठविली. कारखान्याचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं, कारण पुढें सांगितलेले दोष एका कारखान्याचे नसून त्या किंमतीच्या सर्व मालाचे आहेत.

शस्त्रपरीक्षा हें आपल्या ग्रंथकारांस अपरिचित शास्त्र नव्हे. वराहमिहिरानें ६ व्या शतकांत बृहत्संहितेंत खड्गलक्षणाचा स्वतंत्र अध्याय दिला असून तरवारीची उत्तम लांबी ५० अंगुलें व कनिष्ठ २५ अंगुलें सांगितली आहे. पुढें ११ व्या शतकांत होऊन गेलेल्या धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरु ग्रंथांत अंग, रूप, जाति, नेत्र, अरिष्ट, भूमि, ध्वनि व मान अशीं खड्गपरीक्षेचीं आठ अंगें मोजलीं आहेत. यांपैकीं जाति, नेत्र व अरिष्ट यांचा संबंध शुभाशुभाशीं असल्यामुळें तीं येथें सोडून देऊं. बाकीचीं कोणत्याहि देशाच्या शस्त्रास लावतां येतात. अंगुल पाऊण इंचाचें धरल्यास विदॅमची तरवार जवळ जवळ ५० अंगुलेंच भरते. मात्र हा केवळ काकतालीय न्याय समजावा, त्यावरून संबंध जोडण्याचा मोह कोणीं धरूं नये.

आतां मान. नकलेची लांबी ९६ सेंटिमीटर, म्हणजे मुळास धरून आहे. रुंदी व एकंदर आकृतिहि ठीक आहे. दुरून पाहणारास ती विदॅमची तरवार म्हणून सहज ओळखतां येईल. परंतु तराजूंत घातल्यावर वजन १.६२ किलो भरलें, म्हणजे मुळाहून एक तृतीयांशापेक्षांहि अधिक. लांबी तीच, रुंदी तीच, मग हें अधिक वजन आलें कोठून? याचें उत्तर जाडींत आहे. जुन्या पात्याची जाडी मुठीपाशीं साधारणपणें ४ ते ६ मिलिमीटर असते व टोकाकडे क्रमाक्रमानें उतरत २-३ मिलिमीटरवर येते. छायाचित्रांत लांबीरुंदी दिसते, जाडीचा हा उतार दिसत नाहीं. तो हातालाच कळतो. आमच्या नकलेची जाडी मुठीपाशीं ५ मिलिमीटर व टोकाच्या वीतभर अलीकडे ४.५ मिलिमीटर आहे. अर्थात् उतार नाहींच म्हटलें तरी चालेल. यामुळें तरवारीचा तोल आडव्या पट्टीपासून १७ सेंटिमीटरांवर गेला आहे. या जातीच्या जुन्या एकहाती तरवारींत तो बहुधा १० ते १५ सेंटिमीटरांच्या आंत सांपडतो. परिणाम असा कीं, नक्कल हातांत धरतांच टोक जमिनीकडे ओढ घेतें आणि एक वार केल्यावर तरवार परत वर आणण्यास मनगटास कष्ट पडतात.

हा दोष कारागिराच्या अज्ञानाचा नसून मजुरीचा आहे. स्वस्त पातें लाटलेल्या पोलादी पट्टींतून कापून काढलेलें असतें. पट्टी सर्वत्र सारख्या जाडीची. तिची कड घांसून आकृति आणणें हें थोड्या वेळाचें काम. जाडीचा उतार आणण्यास मात्र ठोकून घडवावें लागतें, नाहीं तर पुष्कळ पोलाद घांसून टाकावें लागतें. शिवाय नकलेला धार लावीत नाहींत, कड बोथट व जाड ठेवतात. तेंहि वजन भरीस पडतें. जुन्या लोहारास लोखंड महाग व मजुरी स्वस्त होती, आजच्या कारखानदारास पोलाद स्वस्त व मजुरी महाग आहे. या एका उलटापालटीनें नकलेचा सर्व स्वभाव ठरला आहे.

यांतून इतिहासाची हानि होते ती अशी. मध्ययुगीन युरोपीय योद्धे अवजड लोखंडी दांडकीं कसेंबसें फिरवीत, त्यांच्यांत कौशल्य नव्हतें, केवळ बळ होतें, असा समज पुष्कळ दिवस प्रचलित होता. जड नकला हाताळून तो आजहि दृढ होतो. मूळ शस्त्रांचीं वजनें पाहिलीं असतां त्यास आधार राहत नाहीं. एकहाती तरवारी सामान्यतः १ ते १.४ किलोंच्या आंतबाहेर भरतात. एवार्ट ओकशॉट (१९१६–२००२) या इंग्रज अभ्यासकानें मध्ययुगीन तरवारींचें जें वर्गीकरण केलें व १० पासून २२ पर्यंत आंकडे देऊन प्रसिद्ध केलें, त्याचा मुख्य आधार पात्याची घडण हाच आहे. पातें किती निमुळतें, त्याचा आडवा छेद कसा, मधली पन्हळ कोठपर्यंत, यांवरून तरवार तोडण्यासाठीं कीं भोसकण्यासाठीं हें कळतें. स्वस्त नक्कल नेमक्या याच ठिकाणीं मुकी होते.

ध्वनीची परीक्षाहि उपयोगी पडली. युक्तिकल्पतरूंत कांस्याच्या नादासारखा ध्वनि शुभ व दगडाच्या किंवा कावळ्याच्या आवाजासारखा अशुभ मानिला आहे. नकलेच्या पात्यावर टिचकी मारतांच आंतून खुळखुळ असा आवाज आला. मुठीच्या शेवटचा गोळा पिळून पाहिला तों तो सहज फिरला. उकलल्यावर दिसलें तें असें: पात्याचें शेपूट चार बोटांवरच संपलें असून पुढें आटे पाडलेली बारीक सळई विजेच्या डांकानें जोडली आहे, व तिच्यावर गोळा पेंचासारखा बसविला आहे. मूळ जातीच्या तरवारींत पात्याचेंच लोखंड रुंद शेपटाच्या रूपानें मुठींतून गोळ्याच्या पार जातें व तेथें त्याचें टोक ठोकून पसरलेलें असतें. नकलेचा डांक जोराच्या पहिल्या आघातास तुटण्याचा संभव आहे. म्हणून असली तरवार कवाइतीच्या किंवा नाटकाच्या खेळांतहि फिरवूं नये. प्रेक्षकांत पातें उडून जाण्याचें भय असतें.

आतां अक्षरें. पोथ्या जुळविणारांस हा भाग विशेष रुचेल. मुळांतील अक्षरें सोन्याच्या तारेचीं. नकलेंतील आम्लानें कोरून काळीं केलेलीं. तें असो. आम्हीं तीं एक एक मोजलीं, तों १८ ऐवजीं १७ भरलीं. मुळांत एक्स् हें अक्षर तीनदां येतें. पहिल्या दोहोंमध्यें केवळ एक ओ आहे. नकलकाराची दृष्टि तेथें घसरली आणि ओ गळून दोन एक्स् शेजारीं आले. एका अक्षरावरून तशाच पुढील अक्षरावर डोळा उडणें हा आमच्या पोथ्यांतील नित्याचा लेखकदोष होय. अर्थ लागलेला असता तर तो हटकतां आला असता. अर्थ न लागलेल्या लेखांत अशुद्धहि शुद्धाइतकेंच खरें दिसतें. उद्यां एखाद्यानें या नकलेवरून वाचन करून नवा अर्थ बसविला, तर तो १७ अक्षरांचा अर्थ असेल.

असा अक्षरदोष नवीन नाहीं. ९ ते ११ व्या शतकांतील सुमारें १७० युरोपीय पात्यांवर उल्फबेर्त हें नांव कोरलेलें आढळतें. कांहींवर शेवटच्या अक्षरापूर्वीं क्रूसचिन्ह आहे, कांहींवर तें नांवानंतर आहे, तर कांहींवर नांवच अशुद्ध आहे. धातुशास्त्रज्ञ अॅलन विल्यम्स यांनीं इ. स. २००९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असा निष्कर्ष काढला आहे कीं, पहिल्या प्रकारांत उत्तम पोलादाचीं पातीं पुष्कळ आहेत व बाकीच्यांत हलकीं अधिक, म्हणजे नांवाची नक्कल त्या काळींहि होत होती. तात्पर्य, नकला करणें हा दोष आजच्या बाजाराचा नव्हे. नक्कल मुळाच्या रांगेंत जाऊन बसणें हा खरा दोष.

आणि येथेंच हा विषय आपल्या घरापर्यंत येतो. १७ व्या शतकांत युरोपांतून आलेल्या सरळ पात्यांस देशी मुठी बसवून ज्या तरवारी महाराष्ट्रांत वापरीत त्यांस आपण फिरंग म्हणतों. पातें एका देशाचें, मूठ दुसऱ्या देशाची, हा तिचा धर्मच असल्यामुळें खोटेपणास तेथें मोठी वाट मिळते. युरोपीय कारागिरांच्या मुद्रा येथील पात्यांवर उठवीत, हें प्रसिद्धच आहे. आजची नक्कल घेऊन तिची आडवी पट्टी काढली, जुनी मराठी मूठ बसविली व आम्ल लावून गंज चढविला, तर ‘फार जुनी फिरंग’ म्हणून ती कोणाच्याहि संग्रहांत शिरेल. आपल्याकडे इ. स. १९७२ च्या कायद्यानें १०० वर्षांवरील वस्तु पुरावस्तु ठरते व हस्तलिखितास ७५ वर्षें पुरतात. पण वय ठरविणार कोण?

येथें भूमि व अंग या परीक्षा कामास येतात. जसें कागदांतील पाणचिन्हावरून पत्राचा काळ पकडतां येतो, तसें पोलादावरून पात्याचा. गंज न चढणारें पोलाद शेफील्ड येथें इ. स. १९१३ मध्यें सिद्ध झालें. तसलें पातें त्यापूर्वींचें असणेंच शक्य नाहीं. लहान भट्टींतील जुन्या युरोपीय लोखंडांत मळीच्या रेघा राहतात व त्या सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतात. बेसेमर यांनीं इ. स. १८५६ मध्यें पुढें आणलेल्या कृतीपासून वितळलेलें, सर्वत्र सारखें पोलाद मुबलक मिळूं लागलें. परंतु केवळ मळी नाहीं म्हणून पातें अर्वाचीन ठरवूं नये. तेलंगणांत कोनसमुद्रम् आदि ठिकाणीं मुशींत वितळवून केलेलें जुनें पोलादहि मळीविरहित असतें. म्हणून अनेक लक्षणें एकत्र पाहून मगच निर्णय द्यावा.

मग या नकलेचें मूल्य काय? आकृति व परिमाण शाळेंतील मुलांस दाखविण्यास ती चांगली. तेवढ्यासाठीं दिलेले पैसे वायां गेले असें आम्ही म्हणणार नाहीं. वजन, तोल व हातवटी यांविषयीं तिचा पुरावा अग्राह्य. लेखाविषयीं तर ती अपपाठाची प्रत.

आमची सूचना एकच आहे. आपले जुने लेखक पोथीच्या शेवटीं आपलें नांव, शक व स्थळ लिहीत, आणि जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष असल्यास क्षमा असावी, अशी प्रार्थना करीत. अशी पुष्पिका असलेली प्रत अशुद्ध असली तरी फसवीत नाहीं. नकली शस्त्रासहि तशी पुष्पिका असावी. ज्याच्या संग्रहांत नक्कल असेल त्यानें मुठीखालच्या शेपटावर ‘नक्कल’ हा शब्द व खरेदीचें वर्ष पोलादांत खोल कोरून घ्यावें, आणि संग्रहाच्या वहींत वजन, जाडी व तोल यांची नोंद करावी. चिठ्ठी चिकटवून भागणार नाहीं. संग्राहकाच्या पश्चात् चिठ्ठी गळते, वारसांस माहिती नसते, आणि दोन पिढ्यांत नक्कल मूळ होते. आमच्या मित्राच्या अनुमतीनें सदर तरवारीवर तसें कोरून ती परत पाठविली आहे.