डॉप्लर रडार : चक्रीवादळाच्या आतले चित्र कसे वाचावे?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० कि.मी. होता. रायगड, रत्नागिरीतील नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी उपग्रहाला मुख्यतः ढगांचा माथा दिसतो. आतला पाऊस आणि वारा टिपते ते जमिनीवरचे डॉप्लर रडार. आपल्या किनाऱ्यावर मुंबई (कुलाबा) व गोवा (पणजी) येथे ती आहेत.

रडार सूक्ष्मलहरी सोडते. पावसाच्या थेंबांवरून त्या परततात. परतलेली लहर जितकी जोरकस, तितका पाऊस मोठा. लहरीच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून थेंब रडारकडे येताहेत की दूर जाताहेत, हे कळते. कुलाब्याच्या रडारची लहर सुमारे १० सें.मी. लांबीची आहे. आखूड लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, ही बरीचशी आरपार जाते.

चित्रात मधोमध रिकामी जागा दिसली, तर तो वादळाचा डोळा. त्याभोवतीच्या कड्यात वारा सर्वांत जोरदार असतो. डोळा वाडीवरून जाताना वारा पडतो, कधी ऊनही येते. वादळ सरले असे समजून झाडे पाहायला बाहेर पडणे जिवावर बेतू शकते. थोड्याच वेळात उलट दिशेचा वारा सुटतो. वादळ ईशान्येकडे सरकत असेल, तर आधी आग्नेयेकडून आणि नंतर वायव्येकडून. पहिल्या वाऱ्याने मुळे सैल झालेली पोफळ दुसऱ्याने पडते.

रडारलाही मर्यादा आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळे २०० कि.मी.वर त्याचा सर्वांत खालचा झोतही साधारण ४ कि.मी. उंचीवरून जातो. त्यामुळे तिथला वेग म्हणजे झाडाच्या शेंड्याचा वेग नव्हे. शिवाय आडवा जाणारा वारा एकट्या रडारला मोजता येत नाही. वेगाच्या चित्रातला फिकट पट्टा शांत असेलच असे नाही, इथे बरेच जण फसतात.

कृषी सहायकांनी चित्रावरची वेळ आधी पाहावी. ती यूटीसी असल्यास साडेपाच तास मिळवावेत. डोळा २५० कि.मी. दूर असेल आणि वादळ ताशी २० कि.मी. वेगाने येत असेल, तर हाती बारा तास दिसतात. प्रत्यक्षात बाहेरचे पावसाचे पट्टे त्याआधीच पोहोचतात. तयार नारळ उतरवणे, केळीला टेकू देणे, चर मोकळे करणे ही कामे त्यापूर्वी उरकावीत. फवारणी व खत थांबवावे.